गाजर गवताची पांढरी फुलं

गोरेगावहून सेनगावकडे जीप निघाली की थोड्याच वेळात रस्त्याला लागून एक गाव येतं. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती आहे आणि वस्तीच्या मधोमध पत्र्याचं विहार. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने या विहारात रोज संध्याकाळी वंदना होते आणि मग ग्रंथ वाचला जातो. वाचणारा एक, ऐकणारी सारी वस्ती. पत्र्यावर भोंगा बांधलेला असल्यामुळे जी बाई चुलीपाशी अडकलेली असते तिलाही ऐकू जातं.

या विहारात ग्रंथ वाचणारी पहिली बाई म्हणजे कमलबाई. तिचं शिक्षण सांगायचं तर लेकीला न्हाण आलं त्या वर्षी तिच्या हातात पाटी आली. नव्वदच्या दशकातले सुरुवातीचे दिवस होते, गावोगाव साक्षरतेचे वर्ग भरत होते. वस्तीतला पहिला बारावी पास भीमराज विहारात वर्ग घ्यायचा. कमलबाई आणि तिचा नवरा जळबा, दोघांनीही नाव घातलं. जळबा विहिरी खोदणारा गडी. सब्बल धरून धरून बोटं अशी कडक झालेली की पेन्सिल हातात यायच्या आधीच मोडायची. 'क' त्याला आला, 'ख' काही आला नाही. आठवड्यात त्यानं पाटी बायकोकडे दिली.

"तू जा," तो म्हणाला. "एका घरातून एक जरी शिकलं तरी बराबर हाय. भाकरीचं मी पाहतो."

आणि त्यानं खरंच पाहिलं. पोरगी सरिता अभ्यासाला बसलेली, बायको वर्गात, आणि हा बाप्या चुलीपुढं भाकरी थापतोय, हे बघायला शेजारणी मुद्दाम विस्तव मागायला यायच्या. त्याची भाकरी कधी गोल झाली नाही, पण कच्चीही कधी राहिली नाही. कमलबाई पुढं आयुष्यभर सांगायची की मला अक्षरं भीमराजनं शिकवली, पण शिकू यांनी दिलं. यातलं मोठं काय, ते तिला कुणी विचारायची गरज पडली नाही.

जोडाक्षरांना दोन वर्षं गेली. मग एका आषाढात भीमराजनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा ग्रंथ कमलमावशी वाचतील."

वस्तीतले म्हातारे संतराम यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "वाचंल की. पण पोळ्यापोतर टिकली तरी लई झालं."

संतराम माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या तोंडून निघालेलं बरोबर ठरण्याची वाईट खोड होती. कमलबाईनं पांढरी साडी नेसून वाचायला सुरुवात केली. आधी अडखळली, मग सरावली, श्रावणात तर असं वाचू लागली की बाया कडेवरचं लेकरू रडलं तर त्याला घेऊन बाहेर जायच्या, बाकीच्यांचा शब्द चुकू नये म्हणून. आणि पोळा झाला, बैलांची शिंगं अजून रंगलेली होती, तोच कमलबाईला शिंका सुरू झाल्या. नाक, डोळे, घसा, आणि चार-आठ दिवसांत छातीत शीळ वाजू लागली. वाक्य सुरू व्हायचं आणि मध्येच श्वास संपायचा. भाद्रपद निम्मा होईतो तिनं ग्रंथ भीमराजच्या हाती दिला. शेवटपर्यंत त्यानंच वाचला.

दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. हिंगोलीच्या दवाखान्यात सुई टोचली की चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा शीळ. काढे झाले, वाफारे झाले, जळबानं विडी सोडली, चूल परसात हलवली. आश्विन सरला की छाती आपोआप मोकळी व्हायची आणि ती उन्हाळाभर खुशाल विहिरीवर मातीची घमेली उचलायची. म्हणजे आजार असा की फक्त ग्रंथाच्या वेळेला यायचा.

कमलबाईच्या मनाला हेच लागलं. तिला ग्रंथ एकदा, एकदाच, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आपल्या तोंडानं वाचायचा होता. शेवटचं पान तिनं भीमराजच्या आवाजात ऐकलं होतं, पण स्वतः कधी उघडून पाहिलं नव्हतं. तिथवर वाचत वाचत गेल्याशिवाय ते पाहायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. दरवर्षी अध्येमध्ये सोडावं लागलं की तिला वाटायचं, आपली पायरीच नाही. पाटी उशिरा हातात आली, आता देहच म्हणतोय की बाई, पुरे.

"पायरी बियरी काही न्हाई," जळबा म्हणायचा. "म्होरच्या साली व्हईल."

त्याला वाचता येत नव्हतं, पण विहारात आपलंही काहीतरी असावं असं त्याला वाटायचं. ते त्यानं शोधून काढलं होतं. कामावरून येताना तो रोज फुलं आणायचा. ग्रंथ ठेवायच्या चौरंगावर पितळेचा एक पेला होता, त्यात ती खोवायचा. बायको पांढऱ्या साडीत म्हणून फुलंही पांढरी, असा त्याचा हट्ट. आषाढ-श्रावणात शाळेच्या कुंपणाची तगर मिळायची. पोळ्याच्या सुमाराला तगरीचा बहर कमी व्हायचा, आणि तोवर बांधाबांधाला, रस्त्याच्या दोन्ही कडांना, गाजर गवत कमरेएवढं वाढून पांढरंशुभ्र फुललेलं असायचं. जळबा त्याचे तुरे खुडायचा, नीट जुडी बांधायचा, आणि पेल्यात ठेवण्याआधी चौरंगापाशीच दोनदा झटकायचा. का, तर ग्रंथावर मुंग्या चढू नयेत.

संतरामांनी एकदा छेडलंच. "जळबा, आरं ते रानगवताचं फूल. कोन्या देवळात ठेवलेलं पाह्यलं का तू?"

"न्हाई पाह्यलं," जळबा म्हणाला. "म्हून तं इथं ठेवतो. ज्याला कुठंच आत घेत न्हाईत त्याला इथं जागा हाय. न्हाई तं मंग आपून इथं काहून बसलोत?"

संतरामांनी पाय आवरून त्याला चौरंगाकडे वाट करून दिली. कमलबाई ग्रंथ उघडून बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे डोळे भरून आले. अक्षर न येणाऱ्या आपल्या नवऱ्याला ग्रंथ आपल्यापेक्षा जास्त समजलाय, असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि तेव्हापासून ती जुडी ठेवली गेल्याशिवाय ती वाचायला सुरुवात करेना.

ही गोष्ट वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. पण त्या दोघांना कळलं नाही, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. गाजर गवत हाताला लागलं की खाज येते एवढं सगळ्या रानाला माहीत होतं. पण फुलानं, तेही बुद्धापुढं ठेवलेल्या फुलानं, कुणाचा श्वास अडेल हे कोणाच्या मनात यावं?

मधल्या काळात परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, सरिताचं लग्न झालं आणि ती थेट रत्नागिरीला गेली. जावई तिथं एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. दुसऱ्या बाळंतपणाला सरिताला गावी येणं जमेना, म्हणून माय तिकडं गेली. ऐन श्रावण होता. ग्रंथ सोडून जावं लागलं म्हणून ती एस.टी.त नांदेड फाटा येईपर्यंत रडली, पण लेकीपुढं इलाज नव्हता.

रत्नागिरीत पाऊस असा की कपडे वाळायचे नाहीत, भिंतींना ओल, अंथरुणाला वास. कमलबाईला वाटलं, आता इथं आपलं काही खरं नाही. पोळा गेला. भाद्रपद लागला, सरला. एक शिंक नाही. ती नातवाला मांडीवर घेऊन मोठ्यानं गाणी म्हणायची आणि श्वास कुठंच अडायचा नाही. बाळाला दाखवायला दवाखान्यात गेली तेव्हा तिनं डॉक्टरांना धीर करून विचारलं, "इथं एवढी सर्दीची हवा, आन मला काहून काही व्हईना?"

डॉक्टर म्हातारे होते, त्यांनी खुर्ची पुढं ओढून सगळं ऐकलं. "मावशी, मग हा त्रास सर्दीचा नाही, तुमच्या गावच्या हवेतल्या परागाचा असणार. फुलातून पिठाहून बारीक धूळ उडते, ती कुणाकुणाला सोसत नाही. प्रत्येक गावाचा त्याचा हंगाम ठरलेला. आमच्याकडे भाद्रपदात पाऊस सगळं धुऊन काढतो. नवरात्राच्या सुमाराला उघडीप झाली, सड्यावरचं गवत फुललं, की बघा, या बाकावर शिंकणाऱ्यांना जागा पुरत नाही. तुमच्याकडे पोळ्यानंतर काय फुलतं ते शोधा."

आणि खरंच, नवरात्रात शेजारची बाई डोळे चोळत, शिंकत दाराशी आली तेव्हा कमलबाईला ती अगदी सख्खी बहीण वाटली. तिनं तिला वाफारा करून दिला आणि आपली सगळी कहाणी सांगितली. आपण खालच्या पायरीचे म्हणून ग्रंथ सुटत नाही, धुळीनं सुटतो, हे कळल्यावर तिला इतकं हलकं वाटलं होतं की सरिताला वाटलं मायला काही बक्षीस लागलं.

"मामी, मग इथंच राहा ना," जावई म्हणाला. "मामांनाही बोलावून घेऊ."

"ऱ्हायले असते बाबा," ती म्हणाली. "पर ग्रंथ तिथं हाय ना माझा."

परत आल्यावर पोळ्यानंतर काय फुलतं याचा शोध सुरू झाला. जळबा आणि ती दोघंही शेतकामाचीच माणसं, त्यांच्या डोळ्यांपुढं आलं ते पीक. त्या दिवसांत हायब्रीड ज्वारी निसवते, कणसांवरून पिवळी भुकटी उडते. ठरलं, ज्वारीच. पुढच्या वर्षी कमलबाई ज्वारीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. गुडघाभर चिखलातून लांबच्या वाटेनं कामाला जायची, तोंडाला पदर बांधायची. जळबानं घराची ज्वारीकडची खिडकी पोत्यानं बंद केली. आणि संध्याकाळी तो जुडी घेऊन विहारात यायचा, चौरंगापाशी दोनदा झटकायचा आणि पेल्यात ठेवायचा. भाद्रपदात ग्रंथ पुन्हा भीमराजकडे गेला.

त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार चारला, पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी जळबाला सिद्धेश्वरला जावं लागलं. त्याची बहीण धरणाखालच्या गावात दिलेली, ती आजारी पडली होती. तो तिकडं राहिला आणि इकडं कमलबाई वाचत राहिली. पेला रिकामाच होता. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी फुलं ठेवावी असं तिला वाटलं नाही. भाद्रपद लागून बरेच दिवस झाले. एका संध्याकाळी संतरामांनी काठी आपटली.

"आमची मुदत टळून गेली, आन बाई आजूक चालूच हाय," ते म्हणाले. सगळे हसले, कमलबाईही हसली.

जळबा परतला तो बहीण बरी झाल्याच्या आनंदात. औंढ्यावरून मिळेल त्या जीपनं आला, फाट्यावर उतरला, आणि भोंग्यातून बायकोचा आवाज खणखणीत येतोय हे ऐकून त्याला राहवेना. घरी न जाता त्यानं रस्त्याकडेचे तुरे खुडले, चांगली मोठी जुडी बांधली आणि सरळ विहारात शिरला. इतक्या दिवसांची कसर भरून काढायची म्हणून त्यानं ती दोनाऐवजी चार-पाचदा झटकली.

कमलबाई वाचत होती. उघड्या पानावर, काळ्या अक्षरांवर, पिठाची चाळण हलवल्यासारखी पांढुरकी भुकटी पडली. तिनं ती पदरानं पुसली आणि तिला शिंक आली. मग दुसरी. एक पान पुरं व्हायच्या आत छातीत शीळ वाजायला लागली. तिनं मान वर करून पेल्याकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या जळबाकडे पाहिलं. तो तिच्याकडे असा बघत होता जसा लेकराच्या पहिल्या पावलाकडे बाप बघतो. तिला सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं. तिनं ग्रंथ भीमराजपुढं सरकवला.

दोन दिवस तिनं मनाशीच तोललं. सांगितलं तर या माणसाच्या हातातलं एकच फूल आपण काढून घेणार. नाही सांगितलं तर यंदाही शेवटचं पान राहणार. काहीतरी खोटं कारण सांगून फुलं बंद करता आली असती, पण रोज संध्याकाळी पंचशील घेताना खोटं बोलणार नाही असं आपणच सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचं आणि घरी येऊन नवऱ्याशी खोटं बोलायचं, हे तिला जमेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भाकरी बांधून घेत असताना तिनं सांगून टाकलं.

"ज्वारीचं काही न्हाई. त्या गवताच्या फुलानं व्हतंय मला."

जळबाचा हात थांबला. "कोन्या फुलानं?"

"तुमी आणता त्या."

तो कितीतरी वेळ फडक्याची गाठ मारत राहिला आणि सोडत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे इतके सालं मीच तुझा गळा दाबून राहिलो व्हय?"

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी फुलं आणून राहिले व्हते. दोन्ही येगळं हाय. मला ते येगळंच धरू द्या."

तो बांधलेली भाकरी घेऊन निघाला. कामावर मात्र गेला नाही. दुपारी कमलबाई परतली तर हा विहाराच्या मागं, हाताला पोत्याचे तुकडे गुंडाळून, गाजर गवत मुळासकट उपटत होता. एकेका झाडाशी जुनं वैर असल्यासारखा उपटत होता. दुसऱ्या दिवशी भीमराज गेला, मग चार बाया गेल्या, मग पोरंटोरं. संतराम काठी टेकवून कुठलं राहिलंय ते दाखवत बसले, तेवढी मदत त्यांनी केली. विहार, नळाची जागा, रस्त्यापर्यंतची वाट, सगळं मोकळं झालं. उपटलेलं गवत लांब खड्ड्यात पुरलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी श्वासाबरोबर औषध ओढायचा दम्याचा पंप दिला, 'एकदा लागला की सुटत न्हाई' असं सगळ्यांनी भिववलं तरी कमलबाईनं तो घेतला, आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा चौरंगापुढं बसली. भीमराजनं तो वाचत पोचला होता तिथली खूण दाखवली, पण तिनं आधी आपण जिथं सोडलं होतं तिथपासून उचललं. मधली पानं दुपारी एकटीनं विहारात बसून वाचून काढली आणि संध्याकाळी खुणेपासून पुढं वाचलं, म्हणजे सलग झालं.

आवाज आता अडत नव्हता. पण जळबा आत यायचा नाही. दिवसभर लांबलांबच्या बांधांवरचं गवत उपटायचा आणि संध्याकाळी बाहेर निंबाखालच्या ओट्यावर बसायचा. विचारलं तर म्हणायचा, माझ्या अंगावर धूळ असती. हातांना खाजून खाजून पुरळ उठलं होतं. कमलबाई रात्री त्या हातांना तेल लावायची. त्याच्या जागेवर सतरंजीचा तुकडा रिकामा दिसायचा आणि तिचा श्वास ठीक असूनही वाचताना ओळ चुकायची.

आश्विन पौर्णिमा आली. सांगता म्हणून खिरीचं पातेलं चढलं, वाचणाऱ्या बाईला द्यायची नवी पांढरी साडी ताटात ठेवली. विहार भरून माणसं दाराबाहेर उभी. कमलबाई वाचत गेली, वाचत गेली, आणि तिनं पान उलटलं तेव्हा पुढं एकच पान उरलं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि थांबली.

सगळ्यांना वाटलं, दम लागला. भीमराज पुढं सरकला. तिनं हातानं त्याला थांबवलं.

"सरिताचे बाबा कुठं हायत?"

"ओट्यावर," दारातून कुणीतरी म्हणालं.

"त्यायले आत बोलवा."

बाहेरून जळबाचा आवाज आला. "तू वाच. मला भोंग्यातून बराबर ऐकू येऊन राहिलं."

"भोंग्यासाठी न्हाई वाचत मी," ती म्हणाली, आणि तेही भोंग्यातून साऱ्या वस्तीला ऐकू गेलं. "तुमी आत येईपोतर मी थांबते."

"अंगावर समदी धूळ हाय माझ्या."

"मंग धुऊन या."

आता काय करणार? जळबा उठला आणि घराकडं पळाला. सारं विहार थांबून राहिलं. बाया पदराआड हसत होत्या. खीर खाली लागेल म्हणून पातेलं उतरवलं. संतराम म्हणाले की असं वर्षावासात कधी झालं नाही, पण उठून मात्र कुणी गेलं नाही. कमलबाई बोट न उचलता बसली होती. आपल्याला अक्षर शिकायला पाठवून स्वतः चुलीपुढं बसलेला माणूस, विडी सोडलेला, खिडकीला पोतं लावलेला, हाताची कातडी सोललेला, आणि त्याच्यासाठी ही सगळी वस्ती खीर निववत थांबलीय. आपल्याला किती मिळालंय, हे त्या पाच-दहा मिनिटांत तिला जेवढं कळलं तेवढं आयुष्यात कळलं नव्हतं.

जळबा आला. सरिताच्या लग्नातला पांढरा सदरा, गुंड्या चुकून लावलेल्या, केसांतून पाणी ठिबकतंय. माणसांनी वाट दिली आणि तो आपल्या जागेवर बसला. कमलबाईनं वाचायला सुरुवात केली. एका शब्दावरही न अडखळता, घाई न करता, तिनं ते पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि ग्रंथावर कपाळ टेकवलं. सगळ्यांनी तीनदा साधू म्हटलं.

माणसं उठू लागली तसा जळबा मान एका बाजूला वाकडी करून, कानावर तळहात आपटत म्हणाला, "आंघोळीच्या घाईत कानात पानी गेलं वो. मला काहीच धड ऐकू न्हाई आलं."

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. कमलबाईनं संतरामांकडे पाहिलं. खिरीची सगळ्यांत जास्त ओढ त्यांनाच होती. संतराम काठी बाजूला ठेवून पुन्हा मांडी घालून बसले.

"वाच बाई," ते म्हणाले. "निवलेली खीर बी खपती."

सारं विहार पुन्हा खाली बसलं. जळबा पुढं सरकून अगदी चौरंगापाशी बसला. जे पान इतक्या वर्षांत तिला एकदाही मिळालं नव्हतं, ते कमलबाईनं दुसऱ्यांदा उघडलं, मोकळा श्वास घेतला, आणि त्याच्याकडे बघून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.